गुरुजी शिबिराला गेले

आमच्या हेडगुरुजींना शिबिराला पाठवलं नसतं, तर मी मास्तरीण झाले असते. हे मी आयुष्यात पुष्कळांना ऐकवलं आहे आणि ऐकणारा दर वेळी हसला आहे. शिबिरानं कधी कुणाचं वाटोळं होतं का, असं त्यांना वाटतं. माझं झालं. त्यामुळं मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

आमचं गाव निगडीच्या पलीकडं, मुंबई रस्ता सोडून थोडं आत. देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. पिंपरीला निर्वासितांची छावणी पडली होती आणि तिथं कारखाने येणार, येणार असं सगळे म्हणत होते. वडील देहूरोडच्या डेपोत हमालीला जायचे. आई घरात वाती वळायची. चिंचवडच्या चार घरांतून लाखवातीचं काम तिच्याकडं यायचं. मांडीवर कापूस ठेवून वात वळायला मी तिच्याकडूनच शिकले, चालायला शिकल्यावर लगेच म्हटलं तरी चालेल. ही वातींची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढं तीच माझ्या मुळावर आली.

मला मास्तरीण व्हायचं होतं. त्या काळी सातवीची परीक्षा म्हणजे फायनल. फायनल पास झालेल्या मुलीला पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात घ्यायचे, राहायची सोय करायचे, वर विद्यावेतन द्यायचे. आमच्या गावातून कुणी मुलगी गेली नव्हती. खरं तर सातवीपर्यंत पोचलेली मीच पहिली. भावकीतली माणसं वडिलांना रोज टोचायची की घोडनवरी घरात ठेवून काय दिवे लावणार. वडील भांडणारे नव्हते, पण एकदा शब्द दिला की दिला. एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "फायनल पास झालीस तर ट्रेनिंगला धाडीन, कोन काय म्हनल ते बघून घीन. न्हाई झालीस तर मांडवात बसायचं. मंग रडायचं न्हाई."

मला तो सौदा फार सोपा वाटला. कारण आमच्याकडं हेडगुरुजी होते.

शाळा दोन गुरुजींची. हेडगुरुजी मोठे, आणि दुसरे नुकतेच नोकरीला लागलेले धाकटे गुरुजी. सातवीचं गणित हेडगुरुजींकडं, आणि त्यांच्याइतकं गणित शिकवणारा माणूस मी पुढं आयुष्यात पाहिला नाही. क्षेत्रफळ शिकवायचं तर वर्ग उठवून वावरात न्यायचे, गाठी मारलेला दोर आमच्या हातात द्यायचे आणि बांधावर बसून तंबाखू मळायचे. आम्ही भांडत, चुकत वावर मोजायचो. चुकलं की म्हणायचे, पुन्हा मोजा, जमीन कुठं पळून जात नाही. व्याज शिकवताना सावकाराचं सोंग असं काढायचे की पोरं हसून हसून लोळायची, आणि व्याज मात्र डोक्यात बसायचं.

पुस्तकात शेवटी शेवटी नळाची गणितं होती. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, दोन्ही एकदम सोडले तर हौद कधी भरेल. आमच्या गावात नळ कुणी पाहिलाच नव्हता. मला तर तो नळ सोडणारा माणूसच वेडा वाटायचा. एका हातानं भरायचं आणि दुसऱ्यानं सांडायचं, त्यापेक्षा दुसरा बंद का करत नाही? गुरुजींना मी हे विचारलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी वर्गाला माझा प्रश्न पुन्हा ऐकवला. म्हणाले, नळाची गणितं आपण मोटेवर करू, मळ्यातल्या विहिरीवर जाऊ, फुटक्या मोटेचं पाणी प्रत्यक्ष गळताना बघू. दिवाळी होऊ दे, मग करू.

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींना हुकूम आला. आसपासच्या सगळ्या शाळांच्या हेडमास्तरांचं शिबिर भरणार होतं. शाळा कशी चालवावी ते हेडमास्तरांनीच शिकून यावं, म्हणजे मुलांचे निकाल सुधारतील, असा वरच्या साहेबांचा विचार होता. विचार काही वाईट नव्हता. गुरुजी पिशवी घेऊन निघाले तेव्हा पारावरच्या मंडळींनी त्यांना सोडलं नाही. "काय गुरुजी, या वयात पुन्हा बिगरीत?" गुरुजीही हसले आणि म्हणाले, पाटी-पेन्सिल तेवढी उसनी द्या.

ते गेले ते आमचे गुरुजी. आले ते दुसरेच कुणी.

डोक्यावर नवी कोरी खादीची टोपी, हातात रंगीत तक्त्यांची गुंडाळी, तंबाखू बंद. पहाटे प्रार्थना, मग सफाई, मग कताई, मग व्याख्यानं, असं शिबिर झालं म्हणे. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हांला रांगेत उभं करून सांगितलं की आजपासून शाळा बदलणार. हेडमास्तरानं स्वतः शिकवत बसायचं नसतं, त्यानं शिकवून घ्यायचं असतं. त्यानं सगळ्या वर्गांवर नजर ठेवायची, नियोजन करायचं, मार्गदर्शन करायचं. तेव्हा सातवीचं गणित आजपासून धाकट्या गुरुजींकडं.

धाकटे गुरुजी स्वभावानं गरीब. पण अपूर्णांक आला की त्यांना तहान लागायची. ते पाणी प्यायला जायचे आणि तास संपला की परत यायचे. हेडगुरुजी तोवर ओसरीवर बसून तक्त्यांना रेघा मारायचे. ज्या माणसाला गणित येत होतं तो रेघा मारत होता आणि ज्याला येत नव्हतं तो फळ्यासमोर घाम पुसत होता. यालाच शाळा सुधारणं म्हणतात, हे मला त्या वयात कळायला जड गेलं. आजही जडच जातं.

दुसरी गोष्ट टकळीची. टकळी म्हणजे पितळी चकतीत बसवलेली लोखंडी काडी. ती गरगर फिरवायची आणि कापसाच्या पेळूतून सूत ओढत राहायचं. साऱ्या राज्यात तेव्हा शाळांतून सूतकताई चालू झाली होती. हातानं काम करता करता त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकायचा, असं ते नवं शिक्षण होतं. कुठं कुठं ते खरंच तसं चालत असेल, मी नाही म्हणत नाही. पण शिबिरातून आमचे गुरुजी एवढंच पक्कं करून आले होते की दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येतील तेव्हा आधी सूत बघतील. प्रत्येक मुलाच्या नावाची गुंडाळलेल्या सुताची एकेक गुंडी भिंतीवर टांगलेली दिसली, की शाळा पुढं गेली.

आमच्या पोरांनी टकळ्यांचे भोवरे केले. जे सूत निघालं ते सुतळीसारखं, आणि जे बारीक निघालं ते तुटलेलं. गुरुजींचा चेहरा उतरला. मग माझी पाळी आली. माझ्या बोटांना कापूस जन्मापासून ठाऊक. मी पेळू धरला आणि सूत न तुटता निघत राहिलं, अगदी आईच्या वातीसारखं एकसारखं. गुरुजी माझ्यासमोर उकिडवे बसले आणि बघतच राहिले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी मी त्यांना सापडले.

त्या दिवसापासून सगळ्या शाळेचं सूत मी कातू लागले. गुंडी माझी, चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची. वर्ग सुरू झाला की गुरुजी मला ओसरीवर बसवायचे, कारण आत गोंगाटात सूत तुटतं. आतून धाकट्या गुरुजींचा आवाज यायचा, मग पाण्याच्या भांड्याचा. सुरुवातीला मला बरं वाटलं, का नाही वाटणार? गुरुजी येता-जाता शाबासकी द्यायचे. पाटलांच्या मुलाच्या नावाची गुंडी माझ्या हातची, ह्याचीसुद्धा गंमत वाटायची. संक्रांत झाली, उन्हं तापायला लागली आणि फायनल जवळ आली. पुस्तकाची मागची पानं मी उघडलीसुद्धा नव्हती.

आईला माझ्या बोटांवरून कळलं. तिनं एकदा माझा हात धरून वडिलांपुढं केला. "पोरीला शाळंत धाडलीया का मागावर?" वडील म्हणाले, गुरुजी शिकून आल्यात, ते काय येडे हायत का? आमच्या गावात गुरुजींवर शंका घ्यायची रीत नव्हती. देवाला एक वेळ शिव्या घालायचे, गुरुजींना नाही.

शेवटी मी स्वतः गुरुजींकडं गेले. मला व्याज विसरायला झालंय आणि नळाची गणितं राहिलीत, असं सांगितलं. विहिरीवर कधी जायचं, तेही विचारलं. ते रागावले नाहीत, हेच तर माझं दुखणं आहे. वाईट माणूस असता तर मी त्याला सरळ शिव्या देऊन मोकळी झाले असते. ते प्रेमानं म्हणाले की अगं, टकळी हेच आता आपलं पुस्तक. पेळू किती, सूत किती, यातच सगळं गणित आलं. माझ्यासारखी मुलगी असल्यावर त्यांना निकालाची काळजी नव्हती. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. माणूस शिबिरात इतका विश्वास ठेवायला कसा शिकतो, हे मला कुणी तरी समजावून सांगावं.

मग आदर्श पाठ ठरला. शिबिराला आलेले हेडमास्तर एकमेकांच्या शाळा बघणार होते आणि पहिला मान आमच्या शाळेला मिळाला. भिंती सारवल्या. आठवडाभर आमची तालीम चालली. कोणता प्रश्न कुणाला, उत्तर काय, उत्तर देताना उभं कसं राहायचं. मला तर उत्तरं गाण्यासारखी पाठ झाली होती. आसपासचे हेडमास्तर कुणी सायकलवर, कुणी बैलगाडीत असे आले आणि सतरंजीवर ओळीनं बसले. मी पुढं मधोमध टकळी घेऊन.

पाठ झकास झाला. गुरुजी विचारत होते, मी सूत न तोडता उत्तरं देत होते आणि माना डोलत होत्या. तेवढ्यात मागून एकानं हात वर केला. नदीपलीकडच्या, माणच्या बाजूच्या एका गावचे हेडमास्तर होते ते. जाडजूड, हातात तपकिरीची डबी. ते म्हणाले, मुली, टकळी खाली ठेव. आणि त्यांनी मला व्याजाचं एक साधं गणित घातलं, चौथीतल्या पोरालासुद्धा यावं असं.

मला ते आलं नाही. टकळी खाली ठेवल्यावर माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं. हात कुठं ठेवावेत तेसुद्धा कळेना.

गुरुजी पटकन मध्ये आले. आजचा विषय सुताचा आहे, असं हसून म्हणाले आणि पुढचा तक्ता उलगडला. पण चहाच्या वेळी मी कप द्यायला गेले तेव्हा ते डबीवाले गुरुजी आमच्या गुरुजींना हळू आवाजात सांगत होते, "पोरीला फायनलला बसवताय ना? मग ती टकळी काढून घ्या तिच्या हातातनं. आणि गणित तुम्ही स्वतः घ्या. तुम्हांला येतं, त्याला येत नाही." मी ते ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटले. कुणी तरी बोललं.

आमचे गुरुजी म्हणाले, बघू, दिपोटी येऊन जाऊ द्या.

दिपोटी आले. त्यांना घालायला सुताचा हार लागला, त्यांच्याबरोबरच्या माणसांना लागले, सरपंचाला लागला. ते सगळं सूत मीच कातलं. साहेबांनी भिंतीवरच्या गुंड्या बघितल्या, हात लावून बघितल्या, आणि एवढं एकसारखं सूत आपण कुठल्याच शाळेत पाहिलं नाही, असं भाषणात सांगितलं. एकसारखं का आहे, हा प्रश्न इतक्या शिकलेल्या माणसाला पडला नाही. चाळीस पोरांच्या हातचं सूत एकसारखं कसं निघेल? आमच्या आईला ते अंगणातून दिसलं असतं.

आणि मग फायनल. केंद्र चिंचवडला. वडील मला घेऊन पहाटे चालत निघाले, वाटेत देवळापुढं थांबले, माझ्यासाठी नवस बोलले. मराठी चांगलं गेलं, इतिहास-भूगोल चांगला गेला. गणिताचा कागद हातात आला आणि त्यात तो नळ होता. एक भरतोय, एक सांडतोय. मी त्या हौदाकडं बघत बसले. मोटेवर केलं असतं तर आलं असतं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. आसपास पेना चालत होत्या आणि माझी बोटं मांडीवर आपोआप पेळू ओढल्यासारखी हलत होती.

गणितात नापास. बाकी सगळ्यांत पास. निकाल सांगायला गुरुजी स्वतः घरी आले. थोडक्यात गेलं, म्हणाले. त्याच दमात त्यांनी सांगितलं की आपली शाळा नमुना शाळा म्हणून निवडली गेली. दोन्ही बातम्या ते एकाच चेहऱ्यानं सांगत होते. वडील खाली मान घालून ऐकत होते. भावकीतलं एक जण दारातच उभं होतं.

वडिलांनी शब्द दिला होता आणि तो सगळ्यांनी ऐकला होता. मी जेवले नाही, रडायचं नाही असं ठरलं होतं तरी रडले. फक्त एक वर्ष मागितलं. आई म्हणाली, गुरुजींचा शब्द हे टाळत न्हाईत, गुरुजींना मधी घालू. ती पदर खोचून शाळेकडं गेली. गुरुजी गावात नव्हते. ते पुन्हा शिबिराला गेले होते. या खेपेला शिकायला नव्हे, शाळा कशी सुधारली ते बाकीच्या हेडमास्तरांना सांगायला.

ते परत येईपर्यंत सुपारी फुटली होती.

लग्नाला आले ते. आहेर म्हणून त्यांनी दोन सुताचे हार आणले होते, एक नवऱ्याला, एक मला. माझ्या गळ्यात घालताना त्यांचा आवाज भरून आला होता. "तुझ्याच हातचं सूत आहे. तुझ्यामुळं शाळेचं नाव झालं, पोरी." लोकांनी माना डोलावल्या. मी त्यांच्या पाया पडले, कारण पडायचं असतं. मनात काय होतं ते मी इथं लिहीत नाही, छापण्यासारखं नव्हतं.

सासर नदीपलीकडं, माणच्या बाजूला. मोठं शेतकरी घर, जेवायला-खायला कमी नाही. सासूबाई कडक, पण अन्यायानं वागणाऱ्या नव्हत्या. गावाचं नाव ऐकल्यावर मला आदर्श पाठातले ते डबीवाले गुरुजी आठवले होते. त्यांचीच शाळा होती तिथं. ओढ्याच्या वाटेवरून जाताना त्यांचा शिकवण्याचा आवाज यायचा. मी हंडा भरायला जरा जास्तच वेळ लावायची. भिंतीपलीकडून पाढे, व्याज, नफा-तोटा ऐकू यायचं. मनात एक बेत धरला होता. थोडे दिवस जाऊ द्यायचे, सासूबाईंचं मन बघायचं आणि या गुरुजींना विचारायचं. फायनलला बाहेरून बसता येतं, हे मला ठाऊक होतं.

पाऊस गेला, सुगी झाली. मधल्या काळात भिंतीपलीकडचा आवाज बदलला. आता कुणी तरी तरुण माणूस अडखळत बोलायचा. मला वाटलं, गुरुजी आजारी असतील.

एके दिवशी ते आमच्या दारात उभे राहिले. डबी नव्हती. डोक्यावर नवी कोरी खादीची टोपी होती. मी चुलीजवळून बघितलं आणि माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

ओसरीवर बसून त्यांनी सासूबाईंना सगळं नीट सांगितलं. ते नुकतेच मोठ्या शिबिराला जाऊन आले होते. तिथं आमच्या हेडगुरुजींचं व्याख्यान झालं. शाळा कशी पुढं न्यावी यावर ते तासभर बोलले, आणि त्यात त्यांनी एका मुलीचं उदाहरण दिलं, जिच्या हातच्या सुताला पंचक्रोशीत तोड नाही. ती मुलगी आपल्याच गावात सून म्हणून आलीय, हे कळल्यावर यांना केवढा आनंद झाला. महिन्याभरात दिपोटी येणार. पोरांच्या हातून सूत होत नाही. तेवढ्या गुंड्या सूनबाईंनी कातून दिल्या तर गावाच्या शाळेचं भलं होईल. पेळूंची पिशवी ते बरोबरच घेऊन आले होते.

सासूबाई सुखावल्या. शाळेचा माणूस सुनेला मागायला दारात आला, ही काही लहान गोष्ट नव्हती. त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "दे की कातून. तुला येतंय न्हवं?"

मी पदर सारखा केला आणि उंबऱ्याआत उभी राहिले. आदर्श पाठात व्याजाचं गणित घातलं होतं ती मुलगी मीच, हे त्यांना आठवलं की नाही कोण जाणे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर पिशवीकडं वळवली, त्यावरून आठवलं असावं. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच मी तोंड उघडून कुणाकडं काही मागितलं. कातते म्हटलं, सगळं सूत कातून देते. पण मला नळाची गणितं शिकवा. मला फायनलला बसायचंय.

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्या नाही म्हणाल्या नाहीत. गुरुजी घुटमळले, टोपी काढून पुन्हा घातली.

"पोरी, मी आता शिकवत नाही," ते म्हणाले. "आता शिकवून घेतो."

पेळूंची पिशवी आमच्या मधोमध पडली होती. मी ती उचलली, त्यांच्या हातात दिली आणि आत येऊन चुलीपुढं बसले. त्यांनी ती पिशवी मग वरच्या आळीतल्या एका मुलीकडं नेली. तीही सातवीत होती.